मुराळी

वारंगा फाट्यावरून नागपूरची गाडी एकला होती. साडेबारा वाजून गेले तरी शिवकन्या पिशवी घेऊन घरातच उभी. सासूबाई, सुमनबाई, दार अडवून बसलेल्या.

चूक शिवकन्याचीच. धाकट्या बहिणीला, गुंजनला, आपला बोनमॅरो द्यायचाय हे तिनं सासरी सांगितलंच नव्हतं. "नुसतं रक्त द्यायचंय," एवढ्यावर भागवलं होतं. सकाळी नागपूरच्या दवाखान्यातून नर्सचा फोन आला, तो नेमका सासूनं उचलला आणि बिंग फुटलं.

"कमरेच्या हाडातून काढतेत म्हणं. पुढं लेकरू न्हाई झालं तं?"

"तसं काई व्हत न्हाई, आत्याबाई. डॉक्टरनीच सांगितलंय."

"मंग लपवलं काहून? आन् मुराळी कुठंय? माहेरचं माणूस न्यायला आल्याबिगर आमची सून उंबरा वलांडत न्हाई."

मुराळी येणार कुठून? आई दवाखान्यात गुंजनच्या खोलीत अडकलेली, वडील तिला प्लेटलेट देणारी माणसं गोळा करत वणवण फिरत होते. नवरा हरीश फाट्यावर गिऱ्हाइकांशी तास तास हुज्जत घालणारा गडी, पण आता मोबाइलमधून मान वर काढत नव्हता. शिवकन्याला त्याचा भयंकर संताप आला.

"आठ दिवसांनी जा," सुमनबाई म्हणाल्या. "तुझा बाप येईल न्यायला."

"आठ दिवस?" शिवकन्याचा आवाज फाटला. "माझा बोनमॅरो घालायचा म्हणून औषधं देऊन तिचा सगळा जाळून टाकलाय. आता तिच्या अंगात नवीन रक्तच व्हईना. उद्या सकाळी मी तिथं नसले तं गुंजन मरंल!"

हरीशनं मोबाइल खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला.

"माझा दादा आजारी व्हता," सुमनबाई हळूच म्हणाल्या, "तवा मी बी मुराळ्याची वाट बघून राहिले. आला बराबर. राख सावडायला न्यायला आला."

मग त्या उठल्या, पदर खोचला, चपला पायांत सरकवल्या.

"चाल. आज मीच मुराळी."

हरीशनं मोटारसायकलवर दोघींना कसंबसं बसवून फाटा गाठला तेव्हा गाडी हलली होती. सुमनबाई उतरल्या त्या थेट गाडीपुढं, दोन्ही हात पसरून.

"मरायचंय का, मावशी?" ड्रायव्हर खेकसला.

"न्हाई, बाबा. दार उघड."

दोघी चढल्या आणि गाडी फाट्याबाहेर पडली. सुमनबाईंनी शिवकन्याची पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली.

"लई दुखतं का गं, काढताना?"