देवाला गिरीस

वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली तर चारचौघांत हसू होतं. केरबाची पिकअप मात्र धडधाकट चालत होती, फक्त केरबा वळवील तिकडे ती वळत नव्हती. त्यामुळे खानापूरच्या वेशीवर आकारामच्या गाड्या दुरुस्तीच्या छपराशी येऊन थांबली तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. हौद्यात अठरा माणसं, त्यांत हळद लागलेली नवरी, केरबाची धाकटी बहीण बनुबाई. पुढं रेणावीचा घाट आणि घाटाखाली विट्यात गोरज मुहूर्त.

"गाडी दारू प्यायल्यागत चालतीया, मेव्हणं," केरबा खाली उतरत म्हणाला. त्याचा सदरा घामानं ओला झाला होता. "मघाशी वड्याजवळ चाक फिरवलं तर गाडी सरळच. थोडक्यात वाचलो."

आकाराम त्याच्या बायकोचा भाऊ. लढाईत चार वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून परत आलेला. बोलणं कमी आणि राग नाकावर. त्यानं सूर्याकडं पाहिलं. मुहूर्ताला तीन तास होते.

"दाजी, चाक धरून हळूहळू डावंउजवं करा. मी खालनं बघतो."

गाडीखाली आडवा होऊन तो बघत राहिला. चाकांचे सांधे घट्ट होते. चाकांना जोडणारा लांब दांडाही ठीक होता. मग घोडं पेंड खातंय कुठं? वर केरबानं स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी खाली काहीच हललं नाही. मग स्टिअरिंगच्या पेटीतून बाहेर आलेला जाड शाफ्ट आधी वर उचलला गेला, खडखडला आणि मगच फिरला. शाफ्ट ज्या धातूच्या नळीत फिरतो त्या बुशात खुळखुळत होता. घाटात तो अडकला असता तर अठरा माणसं दरीत गेली असती. त्यांत त्याची आई चंद्राबाईसुद्धा होती.

त्यानं बाहेर येऊन बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या पेटीवर गिरीस द्यायचं बोंड असतं, ते त्याला दिसेना. तिथं शेंदराचा लिंबाएवढा गोळा बसला होता, तेलात मळलेला आणि वाळून दगड झालेला.

"दाजी, हितं गिरीस कवा दिलंसा?"

केरबा चुळबुळला. "समद्या गाडीला दर म्हैन्याला देतो. तेवढं ठिकाण सोडून."

"का?"

"आवं, तितं म्हसोबा हाय. मामी, तुमची आय, दर अवसंला शेंदूर लावत्यात. द्येवाच्या तोंडात गिरीसची बंदूक कशी घालू?"

आकाराम संतापानं काही बोलणार तोच त्याला आई दिसली. ती हौद्यातून उतरून त्याच्या मागं उभी होती, हातात पूजेचं तबक घेऊन. जावयाची गाडी सुखरूप राहावी म्हणून चौदा अवसा तिनं ते उघडं बोंड देव मानून रंगवलं होतं. वर शेंदूर चढत गेला आणि आत शाफ्ट कोरडा झिजत गेला.

"म्हंजी मीच केलं व्हय रं हे?" तिनं विचारलं.

आकारामला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "व्हय, आये."

तिनं तबकातलं कुंकू पदरात रिकामं केलं आणि तबक पुढं केलं. "पितळ हाय. लागलं तर घे."

तबक घेऊन आकाराम कामाला लागला. बोंडावरचा शेंदूर खरवडला, शाफ्ट ओढून काढला, तर एका बाजूला नख बसेल एवढी चर पडलेली. नवा शाफ्ट सांगलीशिवाय मिळायचा नाही. त्यानं चरीच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, तबकाची पातळ पट्टी कापली, ती बुशात आतून गोल बसवली आणि गिरीस जायला तिला भोक पाडलं. शाफ्ट घट्ट होऊन आत जाईना. पट्टी काढून पुन्हा घासली, पुन्हा बसवली. तिसऱ्यांदा, हातानं थोडं गिरीस चोपडून, शाफ्ट बसला. स्टिअरिंगची ढिलाई चार बोटांवरून एका बोटावर आली.

"उद्या सांगलीला नेऊन नवा टाकायचा," तो म्हणाला. "आज घाटात समदी चालत उतरतील. गाडी मी एकटा नेणार."

"मी बसणार," चंद्राबाई म्हणाली.

"आये, ह्यो खेळ न्हाई."

"चूक माजी हाय. लेकाला एकट्याला धाडून मी मागनं चालत येऊ व्हय?" ती पुढं चढून बसलीसुद्धा. या बाईपुढं कुणाची मात्रा चालत नसे.

घाटात आकारामनं गाडी पहिल्या गिअरात ठेवली. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्यावर पितळेची पट्टी करकरली आणि त्याचे तळवे घामानं निसरडे झाले. तिसऱ्या वळणावर समोरून बैलगाडी आली. डावीकडं दरी, उजवीकडं बैल. त्यानं स्टिअरिंग फिरवलं. एक बोट काहीच झालं नाही, आणि त्या एका बोटात त्याला आईचा श्वास ऐकू आला. मग चाकं वळली. बैलाचं शिंग दाराला घासून गेलं. चंद्राबाई ना ओरडली, ना तिनं देवाचं नाव घेतलं. फक्त तिच्या बोटांनी आवळलेला त्याचा दंड दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहिला.

खाली सपाटीला लागल्यावर त्यानं गाडी थांबवली. लढाईतही तो एवढा भ्यायला नव्हता. मागून वऱ्हाड धापा टाकत येताना दिसलं, पुढं बनुबाई शालू वर खोचून. सूर्य अजून कासराभर वर होता.

चंद्राबाई उतरली. तिनं त्याला बॉनेट उघडायला लावलं. पदराच्या गाठीतलं कुंकू काढलं, बोंडाकडं पाहिलं, आणि तिचा हात तसाच थांबला.

"ती बंदूक आण," ती म्हणाली.

आकारामनं गिरीसची बंदूक बोंडाला लावून तिच्या हातात दिली. तिनं सगळा जोर लावून दाबली. पितळेच्या पट्टीच्या कडेनं काळं गिरीस बाहेर आलं तसे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"पोटभर खा रं बाबा," ती बोंडाला म्हणाली. "चौदा म्हैनं उपाशी ठिवलं मी तुला."

मग तिनं कुंकवाचं बोट आकारामच्या कपाळाला लावलं.