शटरचं घर

पोपटरावांनी थोरल्या भावाला विचारलंच नव्हतं, असं म्हणता येणार नाही. दोन वर्षं ते दर सणाला विचारत होते, "आण्णा, रिटायर झाल्यावर गावाकडंच येणार न्हवं?" आणि हौसराव दर वेळी "बघू" म्हणत होते. दौंडच्या रेल्वे पार्सल ऑफिसात सगळी नोकरी काढलेल्या या माणसाला कुणाला तोंडावर नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं. त्यांच्या लेखी 'बघू' म्हणजे नाही. भावकीच्या लेखी थोरला 'बघू' म्हणाला म्हणजे ठरलं.

असं बघता बघता रिटायरमेंट आली आणि पाठोपाठ पोपटरावांचा मुलगा इंद्रजीत मोटरसायकलवरून वास्तुशांतीची पत्रिका घेऊन आला. यजमान म्हणून हौसराव आणि त्यांची बायको गिताबाई यांचीच नावं छापली होती.

गिताबाईंनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. "कुणाची वास्तू ही?"

"तुमचीच की, मोठी आई. आण्णांच्या वाटणीत रस्त्याकडंला दोन खोल्या काढल्यात. सरप्राइज हाय."

तो गेला, तशी गिताबाईंनी पत्रिका नवऱ्यापुढं ठेवली. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार म्हणून दोघांनी दौंडमध्येच गोपाळवाडी रस्त्याला भाड्याच्या दोन खोल्या पसंत केल्या होत्या. गिताबाईंच्या शिवणकामाच्या बायका तिथून जवळ. वाचनालय चालत जाण्याजोगं, आणि वाचनालयात कुणाशी बोलावं लागत नाही, ही हौसरावांची म्हातारपणाची सगळ्यात मोठी मागणी होती.

"मी पोपटला समजावून सांगतो," ते म्हणाले.

"तुम्ही? तुम्ही काय सांगणार, मला माहीत आहे."

वास्तुशांतीच्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्यापर्यंतच्या जीपमध्ये ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य त्यांना एक तर फार कडक वाटे, नाही तर फार मिळमिळीत. कदाचित पोपटचंच बरोबर असेल, असंही मध्येच वाटून गेलं. एवढं बांधलंय बिचाऱ्यानं.

तिथून पुढं दोघं भावकीच्या वस्तीवर पोचले तेव्हा मंडप पडला होता, कर्णा लागला होता. घराला पुढून दार नव्हतं. भिंतभर लोखंडी शटर होतं आणि वर ताज्या रंगात पाटी: खते, बियाणे, औषधे.

"दार कुठंय?" हौसरावांनी विचारलं.

"मागनं हाय की," पोपटराव म्हणाले. "पुढं इंद्र्याचं दुकान. त्यो एका जागी टिकत न्हाई. तुम्ही गल्ल्यावर बसायचं. शिकल्यालं माणूस, आन् तुमचा बी वेळ जाईल."

वेळ जाईल. वेळ मिळावा म्हणून ज्यानं आयुष्यभर वाट पाहिली, त्याचा वेळ घालवायची सोय भावानं करून ठेवली होती. हौसरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी ते नुसती पाटी वाचत राहिले, आणि त्यांना स्वतःचाच संताप आला.

गिताबाई मागच्या खोलीत जाऊन आल्या. तिथं खताची पोती आधीच रचून ठेवली होती. फवारणीच्या औषधाचा उग्र वास भिंतींना धरला होता आणि पोत्यांना लागूनच ओटा होता.

"भावजी, इथं मी भाकरी करायची?"

"वहिनी, चार दिसांनी वास जातो."

"मग चार दिवसांनी बोलवायचं होतं. मी पूजेला बसत नाही."

पोपटरावांचा चेहरा लाल झाला. "आन् माझ्या तोंडाला काळं लागंल त्याचं काय? लोकं म्हंत्यात, पोपट्यानं सख्ख्या भावाला परक्या गावात सोडलाय. मी कुणाकुणाला उत्तर देऊ? सगळी भावकी आल्याय, गुरुजी खोळंबल्यात."

गुरुजींनी आतून हाक मारली, "यजमानांनी जोडीनं बसा."

गिताबाई हलल्या नाहीत. पोपटरावांनी इकडंतिकडं पाहिलं, पूजेच्या ताटातली एक सुपारी उचलली आणि भावाच्या हातात ठेवली.

"ही खोचा कमरंला आन् बसा एकलं. बायकू नसली तर चालतंय तसं शास्त्रात. काय गुरुजी?"

गुरुजी पोथीची पानं उलटत राहिले.

बायको नसली, म्हणजे गावाला गेली, आजारी पडली, वारली, तर तिच्या जागी सुपारी. हौसरावांनी हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण ही तर तीन हातांवर उभी होती. हे घर बांधणारा पोपट दौंडला शिकायला राहिला होता, तो हिच्याच हातचं खाऊन. तिच्याऐवजी सुपारी. आणि ती खोचायला त्यांनीच स्वतः धोतराची कनवट सैल करायची.

"पोपट," ते म्हणाले. "माझी बायको इथं उभी आहे. दिसतेय ना तुला?"

"आण्णा, तसं न्हवं..."

"मला दुकानात बसायचं नाही. इथं राहायचं नाही. मी दौंडला राहणार. लोकांना काय सांगायचं ते तू सांग, ते तुझे लोक आहेत." त्यांनी सुपारी पोपटरावांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटली. "पूजेला जे जोडपं बसतं, घर त्याचं. तू बस. सविताला बोलव."

सविता, म्हणजे पोपटरावांची बायको, बोलावल्याआधीच दारात येऊन उभी होती. ती ठेवणीतली साडी नेसून होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, पोपटरावांनी मंडपाकडं, आणि मंडपानं खाली.

"अवो, बसा की," ती हळूच म्हणाली. "किती वेळ उभं करायचं गुरुजींना?"

पोपटराव बसले. उपरण्याला पदराची गाठ बांधून झाली. गुरुजींनी संकल्प सुरू केला आणि पोपटरावांचं नाव कर्ण्यातून सगळ्या वस्तीवर गेलं. माना वळल्या, कुजबुज झाली.

आता निघून जावं की थांबावं, ते हौसरावांना कळेना. गिताबाई मंडपात शिरल्या, सतरंजीवर बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "सरका जरा. पाहुणे आहोत आम्ही." आणि शेजारची जागा हातानं झटकून त्यांनी नवऱ्याला बसायला सांगितलं.