चाळीस दिवसांची खोटी मोजणी

इकडे, शिशाच्या विटांच्या आड बघा. डोंगराच्या पोटातल्या या बोगद्यातून मी डिटेक्टर बोलतोय. मूठभर जर्मेनियमचा स्फटिक मी. मला सतत गारठवून ठेवतात आणि समोर काय घडतं ते टिपायला लावतात. पण टिपलेलं धड वाचायचं कुणी? तिथेच तर सगळी बोंब आहे.

माझ्यापुढे नाण्याएवढी एक चकती असते. तिच्यावर एका यंत्रातून प्रोटॉन सोडतात, अगदी हळू, ताऱ्याच्या पोटात असतात तसे. कोट्यवधी येतात, चकतीतल्या अणूंचं दार ठोठावतात आणि हात हलवत परत जातात. दिवसाकाठी दोघा-तिघांनाच आत घेतलं जातं. मग एक किरण सुटतो, तो मी टिपतो. त्यावरून तारा आपलं इंधन किती जपून जाळतो, ते ही माणसं काढतात.

गेली पाच वर्षं एक मुलगी प्रबंधासाठी हेच मोजतेय. डबा खातानाही तिचा एक डोळा माझ्या पडद्यावर. गुणाची पोर, पण ऐकेल तर शपथ.

यंदा चकतीमागची गार पाण्याची नळी ठिबकू लागली. मिस्त्री आले. "दोन वेढे दिले की काम फत्ते," म्हणत त्यांनी नळाला लावतात ती पांढरी टेफलॉनची पट्टी गुंडाळली. तिच्यात फ्लोरीन ठासून भरलेलं. मग त्याच उघड्या बोटांनी नवी चकती बसवली. मुलगी शेजारी पाना धरून उभी होती. मी कपाळ बडवणार होतो, पण कपाळ कुठलं आणायचं?

दुसऱ्या दिवसापासून रोज तीस-तीस नोंदी. तिचे सर खूश. "अगं, जुनी चकती झिजली होती. हा खरा आकडा. लिहायला घे."

पडद्यावरच्या आलेखात, त्यांना हव्या त्या जागेच्या जरा वर, बोटांवरून चकतीवर आलेल्या फ्लोरीनचा उंचवटा टेकाडासारखा उभा होता आणि त्याची शेपूट यांच्या अंगणात पसरून मोजणीत येत होती. मी रोज दाखवत होतो. पण आपल्या रकान्याबाहेर बघायचंच नाही, ही या शिकलेल्यांची खोड. चाळीस दिवस गेले. शोधनिबंध लिहून तयार झाला.

मग एका दुपारी मिस्त्री दुसरा नळ बांधायला आले आणि पडद्यात डोकावले.

"पोरी, हे टेकाड कुणाचं?"

"ते आपलं नाही, काका."

"आपलं नाही, तर इथे कशाला बसलंय?"

तिने मूलद्रव्यांच्या किरणांचा तक्ता काढून उंचवट्याची जागा ताडून पाहिली. फ्लोरीन. मग त्यांच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

"काका, त्या दिवशी हातमोजे घातले होते?"

"मोजे घालून ही पट्टी गुंडाळता येते होय? निसटते ती."

हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तरी ती उठली आणि सरांना सगळं सांगून आली.

"आपली पाळी संपली, पुढच्या वर्षीपर्यंत यंत्र मिळायचं नाही," सर म्हणाले. "आणि प्रबंध?"

"तोही पुढच्या वर्षी, सर."

तिने वहीतल्या चाळीस दिवसांवर रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'डिटेक्टरने बरोबर टिपलं होतं. आम्ही बघितलं नाही.' इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बाजूने कुणीतरी बोललं.

आता मी बंद आहे, अंगावर कापड टाकलंय. पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवसाला दोन-तीनच मिळतील. तेव्हा तिला हसू नका. तेवढेच खरे असतील.