पाण्यावरची करवत

सोनुबाईने चाकाच्या खड्ड्यातून गाळाची पाटी डोक्यापर्यंत उचलली आणि वर उभ्या असलेल्या गजा सुताराने ती ओणवं होऊन घेतली. खड्ड्यात मांडीपर्यंत चिखल होता, वीस पावसाळ्यांचा पालापाचोळा कुजून काळा पडलेला. आत हात घातला की काहीतरी थंडगार बोटांना लागायचं. कधी सडकी फळी, कधी खेकडा.

"बास झालं मावशी, वर या," गजा म्हणाला. "उरलेलं आमी काढतो."

"तुमाला कळायचं नाय रं. तळाला घडीव दगड हाय. त्याला पहार लागली तर चाक सरळ बसायचं नाय."

तिला ठाऊक होतं, कारण तिचा नवरा नवशा याच गिरणीत पाणी सोडायच्या दारावर कामाला होता. डोंगरातला ओढा बांध घालून अडवलेला. त्याचं पाणी पाटाने आणून मोठ्या लाकडी चाकावर सोडायचं. चाक फिरलं की पट्टा फिरायचा आणि पट्ट्यावर करवत. कुणा शेटने फार पूर्वी ही लाकूड कापायची गिरण उभारली होती, शेजारी कौलारू घर, गोठा आणि विहीर. मग धंदा बसला, माणसं पांगली. नवशा बायकोला घेऊन पोशीरला शेतीवर गेला आणि चार वर्षांत तापाने वारला.

स्वातंत्र्य मिळून दुसरा हिवाळा लागला, तेव्हा कर्जतचे भिवाजी गुरुजी तिच्या दारात येऊन उभे राहिले. शेटच्या मुलाने गिरण आणि घर शाळेसाठी दिलं होतं. घरात डोंगरातल्या मुलांची शाळा भरायची आणि गिरणीवर शाळेचं लाकूडकाम व्हायचं. सगळं श्रमदानाने.

"माणसं भरपूर आहेत, सोनुबाई. पण ते चाक कसं चालायचं, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही," गुरुजी म्हणाले होते.

भाताची झोडणी उरकली होती. सोनुबाईने दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि निघाली.

गुरुजी बेचाळीसच्या चळवळीत दीड वर्ष तुरुंगात होते. त्यांच्या शब्दाला वजन होतं. पोशीरची, भिसेगावची, नेरळची, खालापूरकडची पंचवीसएक माणसं पाळीपाळीने येत, स्वतःची भाकरी बांधून आणत. घराची कौलं बदलली, विहीर उपसली. सोनुबाईने शाळेची खोली स्वतः सारवली आणि सुकेपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली. आपल्या माणसाने ज्या दारावर उमेदीची वर्षं काढली ते पुन्हा उघडणार, या विचाराने तिला झोपेतही बरं वाटायचं.

वरच्या ठाकूरवाडीतला धोंडी तेवढा रोज येऊन पाटाच्या कडेला उकिडवा बसे. हात लावत नसे, बोलतही नसे. एकदा तिनेच विचारलं.

"का रं धोंडी, तुझीच पोरं शिकतील ना हितं? मग हात का लावत नाय?"

धोंडीने चाकाकडे हनुवटीने दाखवलं. "बाय, ह्ये फिराया लागलं का खाया मागंल."

तिला ते बोलणं आवडलं नाही. तिने पाटी उचलली आणि कामाला लागली.

पौषात कर्जत स्टेशनवरून खालच्या सडकेपर्यंत ट्रक आला. शेटच्या मुलाने नवा पट्टा आणि करवती पाठवल्या होत्या. बरोबर त्याचा मुकादम कोंडाजी होता, पायात बूट, बोलणं गोड. माणसांनी खोकी उतरवून बैलगाडीने वर आणली. गजाने एकाची फळी उचकटून आत पाहिलं. जुनी करवत परातीएवढी होती. ही उभी केली असती तर सोनुबाईच्या खांद्याला लागली असती. आणि खोकी तीन होती.

"बाकं करायला येवढी?" तिने हळूच विचारलं.

"येवढी करवत मी पनवेलच्या वखारीत पण बघितली नाय," गजा म्हणाला आणि फळी परत ठोकली.

दुसऱ्या दिवसापासून कोंडाजीने माणसांना रस्त्याला लावलं. खालच्या सडकेपासून गिरणीपर्यंत बैलगाडीची वाट होती, ती रुंद करायची, खड्डे दगडांनी भरायचे, ओढा ओलांडायला दगडी मोरी बांधायची. शाळेला सामान आणायला हवंच, असं गुरुजींनी सांगितलं तेव्हा सगळ्यांना पटलं. पंधरा दिवस माणसं दगड फोडत होती. संध्याकाळी कोंडाजी नव्या रस्त्यावरून पावलं मोजत चालायचा आणि मान डोलवायचा.

पाटाचं तोंड साफ करायला सोनुबाई आणि गजा बांधाच्या वर गेले, तेव्हा तिला पहिल्यांदा डांबराचा वास आला. ऐनाच्या खोडावर वीतभर साल सोललेली होती. उघड्या लाकडावर हातोड्याचा शिक्का आणि खाली डांबराने काढलेले आकडे. पलीकडच्या हिरड्यावर तसंच, मोहावर तसंच. ठाकूरवाडीच्या देवाच्या आंब्याखाली शेंदूर लावलेला दगड होता, त्याच्या बरोबर वर आंब्याची साल सोललेली होती. चीक अजून ओला होता.

"काय लिव्हलंय रं?"

गजाने आकडा दोनदा वाचला. "चौदाशे बारा."

दोघेही डोंगराकडे बघत राहिले. रान उभंच होतं, सावली नेहमीसारखीच पडलेली. वर कुठेतरी हातोड्याचा ठोका पडला. मग थोडं थांबून दुसरा.

ती उतरून आली तेव्हा गुरुजी शाळेच्या खोलीत फळ्याला काळा रंग देत होते.

"गुरुजी, शाळंला झाडं किती लागत्याल?"

"दहा. फार तर बारा."

"वर चौदाशे झाडांवर शिक्का हाय. अजून मारतायत."

गुरुजींचा कुंचला थांबला नाही, पण एकाच जागी फिरू लागला. ते म्हणाले, "डोंगर शेटच्या मुलाच्या मालकीचा आहे. सरकार खासगी रानं ताब्यात घेणार, अशी बोलवा आहे. त्याआधी ते तोडणार म्हणतात. गिरण वर्षभर त्यांना वापरू द्यायची, मग कायमची शाळेची. मी सही केली आहे."

"आमाला नाय सांगितलं."

"मला वाटलं, पन्नास-शंभर झाडं असतील."

"धोंडीच्या वाडीला होळीच्या आत उठायला सांगितलंय. कोंडाजीनं. मला आज वाटंत बोलला धोंडी."

गुरुजींनी कुंचला खाली ठेवला. काळा रंग त्यांच्या मनगटावरून ओघळला होता.

"शाळा होते आहे, सोनुबाई," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता.

"पोरं कुटली आणणार?"

गुरुजींनी कुंचला पुन्हा उचलला. ती बाहेर पडली.

चाक फिरवायचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळीच शेटचा मुलगा मोटारीने आला. अंगणात खुर्च्या मांडल्या, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. करवतीच्या मेजावर पहिला ओंडका चढवून ठेवला होता. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा, साल काढलेला. कुठल्या झाडाचा ते सोनुबाईने पाहिलं नाही. ती बांधावर पाण्याच्या दारापाशी जाऊन उभी राहिली होती. दार कसं उचलायचं ते तिलाच ठाऊक होतं, म्हणून तो मान तिचा होता. गुरुजींनीच तसं सगळ्यांना सांगितलं होतं.

गजा चाक शेवटचं तपासून वर आला. घाम पुसत म्हणाला, "मावशी, दार बोटभरच उचला. चाकाची आस जुनीच हाय. सुकलेलं नवं लाकूड मिळालं नाय म्हणून लोखंडाच्या पट्ट्या मारून बसवलीय. पाणी हळूहळू वाढवलं तर टिकंल."

"आणि एकदम सोडलं तर?"

गजा तिच्याकडे बघत राहिला. खाली कुणीतरी नारळ फोडला. टाळ्या झाल्या.

"चाकाजवळ कोण उभं हाय?" तिने विचारलं.

"कोंडाजी हाय. दोन-चार पोशीरची."

"त्यांना लांब घे. सगळ्यांना. पार अंगणापर्यंत."

गजा वळला आणि भराभर खाली उतरला. पाणी उडेल, कपडे भिजतील असं ओरडत त्याने माणसं मागे सारली. कोंडाजीला तर दंडाला धरून नेलं. अंगणात पोचल्यावर त्याने वर बघितलं आणि हात केला नाही, नुसता उभा राहिला.

सोनुबाईने दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला. नवशा आजारी असला की ती हे दार उघडायची. पहिल्यांदा बोटभर, चाक ओलं होईपर्यंत वाट बघायची, मग चार बोटं. लहान मुलाला पाजावं तसं पाणी द्यायचं, असं तो म्हणायचा. तिने दांड्यावर सगळा भार टाकला आणि दार पुरतं वर उचललं.

महिनाभर साठलेलं पाणी पाटातून भिंतीसारखं गेलं. चाक एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फार जोरात फिरलं, आणि झाड मोडावं तसा आवाज झाला. आस मधोमध तुटली. चाक कलंडून खड्ड्याच्या दगडी कडेवर आपटलं, पाती सुटून उडाली, पट्टा हवेत फटकारून खाली पडला. मग नुसतं पाणी वाहत राहिलं.

कुणाला लागलं नव्हतं. सोनुबाई खाली आली. माणसं तिच्याकडे बघत होती. दोन महिन्यांची मेहनत खड्ड्यात पडली होती. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला होता.

शेटचा मुलगा मोटारीत जाऊन बसला. कोंडाजी मात्र हसला. खरंच, रागाचा लवलेश नव्हता.

"म्हाताऱ्या माणसाचा हात सुटायचाच, बाई. मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "तेलाचं इंजिन पनवेलला येऊन पडलंय. गुरुवारी ट्रकवर घालून आणतो. चाकाचं काय, ते नसतं तरी चाललं असतं." मग गुरुजींकडे वळून त्याने हात जोडले. "रस्ता मात्र झकास केलात, गुरुजी. त्याचीच खरी अडचण होती."

मोटार गेली. तिची धूळ खाली सडकेपर्यंत दिसत राहिली.

गुरुजी गोठ्यात गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. त्यांनी सदरा काढून खुर्चीवर ठेवला. तुरुंगातून आल्यापासून त्यांची बरगडी न् बरगडी मोजता यायची.

"गुरुजी, कुटं निघाला?" सोनुबाईने विचारलं.

"ओढ्यावरच्या मोरीपर्यंत," ते म्हणाले. "तिथले दगड मीच बसवलेत. कुठला सैल आहे ते मला ठाऊक आहे."

ते उतरू लागले. गजाने भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं. पोशीरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सोनुबाईने लुगड्याचा काचा घट्ट खोचला. गुरुवारला तीन दिवस होते.