विचारल्याशिवाय उघडू नये

छापखान्यातले मुद्रितशोधक म्हणजे मात्राकाका. मजकुरातली एक मात्रा निसटली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून हे नाव पडलं. त्यांचा एक नियम होता: आलेलं लिखाण न उघडता परत पाठवायचं नाही. "कुणीतरी जीव ओतून लिहिलेलं असतं रे," असं म्हणायचे, आणि मग त्यातल्या चुकांवर मनसोक्त तोंडसुख घ्यायचे.

तिथले संगणक सांभाळायला त्यांचा सख्खा पुतण्या. त्याला चिकटवलाही काकांनीच. फाईल वाचायच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि शेऱ्यांची पट्टी डावीकडून उजवीकडे गेली. काकांचा उजवा डोळा अधू. "हे दर महिन्याला घर बदलणारं भूत आवर बाबा," ते कावले. पुतण्याने जुनी आवृत्ती परत टाकली आणि अपडेट बंद करून टाकलं. काका खूश, त्याच्या मागची कटकट मिटली.

पुढे पुतण्याला सूचना आली: त्या जुन्या आवृत्तीला भोक आहे, मुद्दाम बनवलेली फाईल नुसती उघडली तरी त्यातून चोर आत शिरतो. त्याने ती वाचली. सोमवारी बघू, म्हणाला. असे चार महिने सोमवार आले आणि गेले.

मग एका दुपारी कवितासंग्रह म्हणून एक फाईल आली. उघडली तर कोरं पान. दुसऱ्या कुणी ती कचऱ्यात टाकली असती. काकांनी तीनदा उघडली, वर कवीचा फोन नंबर शोधत बसले. तासाभरात त्या भोकातून शिरलेल्या चोराने यंत्रावरचं सगळं कुलूपबंद केलं. त्यात काकांचा कोश होता, कुठल्याच शब्दकोशात न सापडणारे, बावीस वर्षं वेचलेले शब्द. नक्कल होती, पण ती डिस्कही त्याच यंत्राला जोडलेली. तीही गेली.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अनोळखी फाईल उघडलीच कशी?"

काका उभे राहिले. "चूक माझी. माझ्या सवयीनं घात केला."

पुतण्याने तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण मालकांची नजर त्याच्याकडे वळली आणि तो यंत्राच्या वायरी तपासायला खाली वाकला. संध्याकाळी सांगू, काका एकटे असताना, अशी त्याने मनाची समजूत घातली.

संध्याकाळी काकांनीच त्याचा हात धरला. "तुला बोल लागला नाही ना रे? माझ्यापायी तुझी नोकरी जायला नको."

त्याने काकांची पिशवी उचलली आणि त्यांना घरी सोडलं. तेव्हा सांगायलाच हवं होतं, हे त्याला आता रोज कळतं.

काकांच्या संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या रेखीव अक्षरातली चिठ्ठी आहे: विचारल्याशिवाय उघडू नये. दिवसातून दहा वेळा ते पुतण्याच्या टेबलाशी येतात. "ही उघडू का रे?" चाळीस वर्षं भल्याभल्यांच्या चुका काढलेला माणूस, आणि परवानगी मागतो ती याच्याकडे.

काल त्यांच्या हातात टपालाने आलेलं जाड पाकीट होतं.

"काका, कागद आहे तो. कागदाला काय होतंय?"

"तरी विचारलेलं बरं. स्वतःच्या भरवशावर मी आता काही करत नाही."

पुतण्याने मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी ते फोडलं.