पुण्याच्या सोयीची वेळ

नंदिनीला शहरातल्या लोकांनी एकदा, फक्त एकदाच नीट बघावं, एवढीच काय ती गरज होती. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या महापौरपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे सभासद पोस्टानं मत देऊन ठरवणार होते, आणि तिच्यासमोर उभे होते श्रीयुत ब्रांडल. ब्रांडलना कोण ओळखत नव्हतं? त्यांचा चेहरा वर्षानुवर्षं बसथांब्यांवर झळकत होता. नंदिनीला ओळखत होते ते दर शनिवारी घरमालकाच्या तक्रारी घेऊन तिच्या मदतीच्या टेबलाशी येणारे भाडेकरू, आणि त्यातल्या निम्म्यांना, पक्षाचे सभासद नसल्यानं, मतच नव्हतं. तेव्हा टीव्हीवर होणारी दोघांची चर्चा हीच तिची एकमेव संधी होती. तिच्या नवऱ्याला, गुरुदत्तला, हे तिच्याइतकंच पक्कं ठाऊक होतं.

आता हा गुरुदत्त. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, कामाला वाघ. बायकोच्या प्रचाराची सगळी व्यवस्था त्यानं हौसेनं अंगावर घेतली होती, त्यामुळे स्थानिक वाहिनीचा मेलही त्यालाच आला. दोन वेळा मोकळ्या होत्या: गुरुवारी रात्री सव्वाआठ, नाहीतर पिंग्स्टेनच्या सोमवारी दुपारी चार. ब्रांडलच्या माणसांनी दोन्हींना होकार कळवून टाकला होता, म्हणजे ठरवायचं यानंच. अहो, शेंबड्या पोरानंही गुरुवार निवडला असता! सव्वाआठ म्हणजे इथं जेवणं उरकून लोक सोफ्यावर टेकतात ती वेळ. आणि पिंग्स्टेन म्हणजे ख्रिस्ती सणाची जोडून सुट्टी, शाळा बंद, अर्धं बव्हेरिया गाडीवर सायकली बांधून इटलीच्या वाटेला. इतकी वर्षं इथं काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला हवं होतं का? मुळीच नाही.

पण सव्वाआठ म्हणजे पुण्यात पावणेबारा. नंदिनीचे बाबा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर रात्री लवकर गोळी घेऊन झोपत. याच बाबांनी एका लग्नात, भर पंगतीत, चार नातेवाइकांसमोर जावयाला सुनावलं होतं, "गुरुदत्तराव, माझ्या पोरीचं शिक्षण तुम्ही मातीत घातलंत." गुरुदत्तची नोकरी स्टुटगार्टहून इकडे आली तेव्हा नंदिनीनं पीएचडी अर्धवट सोडली होती, त्याचा हा राग. ते वाक्य गुरुदत्तच्या मनात रुतून बसलं होतं. त्याला बाबांना दाखवायचं होतं, की बघा, तुमची पोरगी कुठं पोचली ते. आणि नंतर रेकॉर्डिंग दाखवून त्याचं समाधान होणार नव्हतं. सासऱ्यांनी वाहिनीच्या साइटवर थेट बघायला हवं होतं, सगळ्यांच्या देखत. दुपारचे चार म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात. त्यानं सोमवार कळवून टाकला.

"पिंग्स्टेनला?" संध्याकाळी नंदिनी खुर्चीतून उठलीच. "अरे गुरु, कुत्रं तरी बघेल का त्या दिवशी?"

"चॅनेलनं तेवढीच वेळ दिली," गुरुदत्त म्हणाला. नजरेला नजर न देता तो कुकरचं झाकण लावत राहिला. "शिवाय पावसाचा अंदाज आहे. लोक घरातच बसतील."

"बदलून नाही मिळणार?"

"जर्मन टेर्मिन आहे बाई, ठरवून दिलेली वेळ. एकदा ठरला की ठरला."

त्याच्यावर तिचा विश्वास होता, नाहीतर तिनं स्वतःच फोन लावला असता. पुढचे काही दिवस ती आरशासमोर उभी राहून जर्मनमध्ये बोलण्याचा सराव करत होती, आणि तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला की गुरुदत्त नळ मोठा सोडत होता. अजूनही फोन करून वेळ बदलून मागता आली असती. पण त्याचं पुण्यात नंदिनीच्या भावाला, पुष्करला, कळवून झालं होतं, आणि पुष्करनं सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर सांगून ठेवला होता. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

सोमवारी पावसाचा मागमूस नव्हता. असं लख्ख ऊन पडलं होतं की घरात बसणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. स्टुडिओकडे जाणाऱ्या बसमध्ये ही दोघंच. डोनाऊ नदीच्या काठावर मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी पाण्यात पाय सोडून बसलेलं, कुणी आइस्क्रीमच्या रांगेत. नंदिनी खिडकीतून बघत होती. पुलावरून बस वळली तशी तिनं मान फिरवली आणि हातातले कागद वाचायला लागली.

बोलली मात्र काय! घरभाडी, रिकामे ठेवलेले फ्लॅट, दूरच्या वस्त्यांतून कापून टाकलेल्या बस, एकेक मुद्दा तिनं असा मांडला की ब्रांडलना दोनदा पाण्याचा ग्लास उचलावा लागला. कॅमेऱ्यामागे उभा असलेला गुरुदत्त खिशातला फोन हळूच काढून बघत होता. पुष्करनं फोटो पाठवला होता. क्लबहाउस गच्च भरलेलं, भिंतीवर नंदिनीचा चेहरा, आणि पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर बाबा. खाली लिहिलं होतं, 'बाबा रडतायत.' गुरुदत्तच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या क्षणी त्याला खरंच वाटलं की आपण काही चुकीचं केलेलं नाही.

दोन दिवसांनी वाहिनीनं मोठ्या कौतुकानं आपल्या पानावर टाकलं, की आमची चर्चा थेट भारतापर्यंत पोचली. ऑनलाइन बघणाऱ्यांत रेगेन्सबर्गपेक्षा पुण्याचेच लोक जास्त होते. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

पक्षाच्या शेवटच्या सभेत ब्रांडलनी तेवढंच उचललं. आवाजसुद्धा चढवला नाही त्या माणसानं. "श्रीमती नंदिनी कुलकर्णींचे चाहते खूप आहेत, याचा मला आनंद आहे," ते हसून म्हणाले. "फक्त ते आपल्या गावात राहत नाहीत, एवढंच." सभागृह खळखळून हसलं. नंदिनीच्या शनिवारच्या टेबलाशी येणारी एक म्हातारी तेवढी हसली नाही. चर्चेत ब्रांडलची कशी बोबडी वळली होती, हे त्या सभागृहात कुणी पाहिलेलंच नव्हतं. मग नंदिनी काय सांगणार, आणि कुणाला? ती उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि खाली बसली. गुरुदत्त मागच्या रांगेत जमिनीकडे बघत होता.

निकाल शनिवारी सकाळी आला. ती हरली, आणि चांगलीच हरली. दोघं चहा समोर घेऊन बसली होती, चहावर साय धरली होती, आणि तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. बाबा. निकाल त्यांना कुणी सांगितलेलाच नव्हता.

"नंदू," झटक्यानंतर त्यांचा शब्द अजून जड येत होता, "सोसायटीत सगळे तुझंच नाव काढतायत गं. त्या गोऱ्याला काय गप्प केलंस!" मग त्यांनी मान वळवून जावयाला शोधलं. "आणि गुरुदत्तराव, तुमचे उपकार आहेत. पुष्कर म्हणाला, रात्रीची वेळ मिळत होती, पण माझी गोळी असते म्हणून तुम्ही मुद्दाम दुपारची मागून घेतलीत. मी तुम्हाला फार बोललो होतो. मनात ठेवू नका."

इतकी वर्षं गुरुदत्त याच शब्दांची वाट बघत होता. ते आले, आणि त्याला मान वर करता येईना.

"पुढची चर्चा कधी?" बाबा विचारत होते. "हीच वेळ ठेवा हं."

नंदिनीनं गुरुदत्तकडे पाहिलं. मग ती फोनकडे वळली आणि हसली.

"ठेवू बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला सोयीची आहे ना, मग हीच ठेवू."

फोन बंद झाला. तिनं दोन्ही कप उचलले आणि चहा बेसिनमध्ये ओतून दिला.

"नंदू, ऐक तरी—"

"मी हरले हे बाबांना कधीच सांगायचं नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "तुला खोटं बोलता येतं. तूच सांभाळ ते."