सी-एकचं घर

आमोद चित्रेने आपला राजा आडवा करून डाव सोडला, पण हात पुढे केला नाही. त्याने टेबलावरचं घड्याळ उचललं आणि समोरच्याच्या तोंडावर हाणलं.

सूरज ढेबेला ते येताना दिसलंच नाही. तो अजून पटाकडे बघत होता. घड्याळाचा कोपरा डाव्या भुवईवर बसला, कातडी फाटली आणि रक्त नाकाच्या कडेने उतरून पटावर ठिबकलं.

"चोर साला! मोबाईल काढ. कुठे लपवलायस?"

सूरज उठला तशी खुर्ची मागे पडली. त्याची मूठ वळलेली होती. पोलादपूरच्या नाक्यावर ट्रकचे टायर उतरवणाऱ्या माणसाची मूठ, ती लागली असती तर आमोदचा जबडा जागेवर राहिला नसता. दोघांनी मागून त्याचे दंड धरले. तिसऱ्याने आमोदला मिठी मारून भिंतीकडे नेलं. महाडातल्या त्या मंगल कार्यालयात चाळीसेक माणसं होती, त्यांतली निम्मी खुर्च्यांवर चढून बघत होती. थोड्या वेळापूर्वीच त्यांच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला होता, "पंक्चरवाल्याने चँपियनची हवा काढली रे!" आता तोही मान लांबवून बघत होता.

मुख्य पंच श्रीधर गोगटे मधे आले. गणिताचे निवृत्त शिक्षक. आमोदला पहिली चाल त्यांनीच शिकवली होती, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि सूरजलाही.

"आमोद, हात उचललास त्याचं मी नंतर बघेन. तक्रार काय आहे?"

"सर, हा पंधराशे रेटिंगचा माणूस आहे. दोनदा बाहेर गेला. परत आला आणि हत्ती सोडून दिला, उंट सोडून दिला, एकही चाल चुकली नाही. अशी चाल माणसाला सुचत नाही. मशीनला सुचते."

"पानी प्यायला गेलो होतो," सूरज म्हणाला. ओठांवर आलेलं रक्त त्याने जिभेने चाटलं.

त्याचे खिसे तपासले, बूट काढायला लावले, संडासाच्या फ्लशची टाकीसुद्धा उघडून पाहिली. काही निघालं नाही. आमोद म्हणाला, "सापडलं नाही म्हणजे नव्हतं, असं होत नाही." ते खरंच होतं. सूरजला कळत होतं की रिकामा खिसा दाखवून कुणी सुटत नाही. आज पंचांनी चोर लिहिलं की नाव जिल्हा संघटनेकडे जाणार, दोन वर्षं स्पर्धा बंद. तेही चाललं असतं. पण नाक्यावर टायर घेऊन येणारा प्रत्येक ड्रायव्हर विचारणार होता, काय रे सूरज, बुद्धिबळात पन चोरी करतात काय?

श्रीधरसरांनी भिंतीवरच्या मोठ्या पटाकडे बोट केलं. "डाव इथे लाव. बाविसाव्या चालीपासून. प्रत्येक चाल का खेळलास ते सांग. ज्याने डाव डोक्यात खेळलाय त्याला सांगता येतो. ज्याने दुसरीकडून उचललाय, तो तिसऱ्या प्रश्नाला अडकतो. गंधार, तू लॅपटॉप उघड. स्क्रीन तुझ्याकडे ठेव, कुणाला दिसता कामा नये."

गंधार हा त्यांचा सहाय्यक पंच, बँकेत नोकरीला. त्याने डाव लॅपटॉपवरच्या बुद्धिबळाच्या मशीनमध्ये भरला. कुणीतरी सूरजला रुमाल दिला. तो भुवईवर दाबून, एका हाताने त्याने मोहरे लावले.

"हा मी, पांढरा. आमोददादा काळे. बाविसावी चाल त्यांची. त्यांनी हे प्यादं सी-दोनवर ढकललं. एका चालीत दोन वार केले. प्यादं माझ्या शेवटच्या पट्टीला भिडलं, अजून एक घर की संपलं. आणि प्यादं सरकल्यावर मागची तिरकी मोकळी झाली, त्यांचा एफ-सहावरचा उंट थेट माझ्या कोपऱ्यातल्या हत्तीवर."

"प्यादं का नाही मारलंस? तुझा उंट डी-तीनवर होता. मारता येत होतं."

"त्याला हत्तीचा जोर होता सर, सी-आठवरून. मारलं असतं तर मी हळूहळू मेलो असतो. पन्नास चालींनी. मला तसं मरायचं नव्हतं."

कुणीतरी हसलं. सूरज हसला नाही.

"हत्ती का नाही हलवलास?"

सूरजची भाषा बदलली. शहरात आल्यावर सांभाळून बोललेलं सगळं गळून पडलं.

"आमच्या वाडीत बिबट्या येतो सर. कोंडवाड्याच्या कुडाला भोक पाडतो. एकदा शेळी धरली की तो दुसरं काय बघत नाय. मान तोंडात, मागचं अंग मोकळं. माझ्या आज्याने, नाथूने, तशाच वेळी मागून कुऱ्हाड घातली होती. मागचा पाय लोंबत गेला त्याचा. शेळी गेली. पन तो परत नाय आला." त्याने एफ-सहावरच्या काळ्या उंटाला बोट लावलं. "हा उंट यांच्या राजाचा राखणदार. हा इथं हाय तोवर माझा घोडा जी-पाचवर जाऊ शकत नाय, गेला की खाल्ला. म्हणून मी त्याला शेळी दिली. हत्ती तसाच ठेवला आणि दुसरा उंट एफ-चारवरून डी-सहावर नेला. त्यांनी हत्ती खाल्ला. राखणदार गेला पार ए-एकच्या कोपऱ्यात. तोंडात मांस घेऊन."

आमोद भिंतीला टेकून उभा होता. त्याची नजर पटावरून हलत नव्हती.

"डी-सहावरचा उंट कशासाठी?"

"ते शेवटी कळंल. राजाची पळायची वाट बंद." सूरजने रुमाल सोडला. रक्त पुन्हा सुरू झालं, पण आता त्याला दोन्ही हात हवे होते. "चोविसावी. दुसरा उंट एच-सातवर. राजाच्या दारातलं प्यादं मारलं, शह. राजाने उंट मारला. पंचवीस, घोडा जी-पाचवर, शह. राजा परत जी-आठवर, घरात. सव्वीस." त्याने वजीर ई-दोनवरून उचलला आणि एच-पाचवर असा ठोकला की पट खिळ्यावर हलला. "आता शह नाय. फक्त उभा राहिलो दारात. पुढच्या चालीला वजीर एच-सातवर, मात. मागं घोड्याचा जोर, राजाला मारता येत नाय. हत्ती सरकवून वाट केली तर एफ-आठवर माझा उंट बसलाय नेम धरून. एफचं प्यादं हलवलं तर एफ-सातवर घोडा. जीचं प्यादं पुढं केलं तरी मात. कुठूनही पळा, मरताच."

तो सांगत असताना काही जणांच्या माना आपोआप हलत होत्या. त्यात आमोदचे दोन मित्रही होते. एका म्हाताऱ्याने तर "अरे वा रे वा" म्हणून मांडीवर थाप मारली. आपण सुटलो, असं सूरजला वाटलं.

मग त्याने गंधारकडे पाहिलं. गंधारचा चेहरा मान हलवणाऱ्या माणसाचा नव्हता. तो स्क्रीनकडे बघत होता, भुवया जवळ आलेल्या. तो उठला, श्रीधरसरांच्या कानाशी काहीतरी बोलला, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

मशीनची चाल आणि आपली चाल तंतोतंत जुळली असणार, सूरजला वाटलं. खरं खेळलो तेच नडलं. त्याची मूठ पुन्हा वळली आणि या वेळी ती कुणावर उगारायची ते त्याला कळेना.

"सूरज," सर हळू आवाजात म्हणाले, "सव्विसाव्या चालीनंतर काळ्याने प्यादं सी-एकवर नेलं तर?"

"नेऊदे की."

"नेऊदे? विचार करून सांग."

"केला होता सर. पयल्यांदा तोच केला. प्यादं सी-एकवर गेलं, उंट झाला. त्या उंटाचा मारा तिरका माझ्या जी-पाचच्या घोड्यावर येतो, मान्य हाय. पन घोडा खायला त्याला अजून एक चाल लागंल. तोवर माझा वजीर एच-सातवर."

सरांनी विचारलं, "उंट का होईल?"

"सीचं घर उंटाचं ना सर."

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग मागच्या रांगेतून एक हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग सगळा हॉल हसला. खुर्च्या वाजल्या. "अरे, वजीर होतो तो! वजीर!" कुणीतरी ओरडलं. "याला साधा नियम माहीत नाही!"

नियम त्याला माहीत होता. एकोणिसाव्या वर्षी पनवेलला गॅरेजात असताना तो शिकला होता. प्यादं टोकाला गेलं की वजीर, घर कुठलंही असो. स्पर्धांत त्याने स्वतः शंभरदा वजीर केला होता. पण त्याआधी दहा वर्षं तो वाडीवर नाथूच्या समोर बसला होता. चपट्या दगडावर कोळशाने आखलेला पट आणि नाथूचे जुने नियम. प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा होणार, हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. हाताने खेळताना तो नवे नियम खेळायचा. डोळे मिटून चार चाली पुढे गेला की मात्र आत कुठेतरी तो दगडच होता. आज हत्ती सोडायच्या आधी तो वीस मिनिटं डोळे मिटून बसला होता.

त्याने भिंतीवरच्या पटावर सी-एकच्या घरात स्वतःच्या हाताने काळा वजीर ठेवला.

शह. पांढऱ्याची सगळी शेवटची पट्टी मोकळी, आणि तिच्या टोकाजवळ त्याचा राजा, आपल्याच तीन प्याद्यांनी कोंडलेला. त्या घराची राखण करणारा हत्ती त्याने शेळी म्हणून दिला होता. दुसरा राखणदार, एफ-चारचा उंट, त्याने स्वतःच उचलून डी-सहावर नेला होता. वजीर मधे घालता येत होता. काळ्या वजिराने तो खायचा. मात. दोन चालींत मरत होता तो. कुऱ्हाड उचलून बिबट्यामागे धावत होता आणि त्याच्या पाठीमागचा कूड कधीच फुटला होता.

"गंधार, मशीन काय म्हणतंय ते वाच," सर म्हणाले.

"उंट डी-सहावर नेल्यापासून पांढरा हरलेला आहे. मशीनने ही चाल पहिल्या दहांतसुद्धा दाखवली नसती. ही मशीनची चाल नाही."

हसू थांबलं. ज्यांना बुद्धिबळ कळत होतं त्यांना पुढचं आपोआप कळलं. त्यांची तोंडं एकेक करून आमोदकडे वळली.

"मी..." आमोद म्हणाला. "माझ्याकडे दोन चालींत मात होती?"

"होती."

"मी राजा आडवा केला."

"हो," सर म्हणाले. "तुझी तीन मिनिटं उरली होती. तू एच-सातकडेच बघत होतास."

आमोदने भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, मग पुन्हा, जोरात. त्याचा मित्र धावला तेव्हा त्याने मित्राला ढकलून दिलं.

सरांनी सूरजला टेबलाशी बोलावलं. आवाज उतरवून ते म्हणाले, "तक्रार फेटाळली. निकाल तुझाच, पटावर राजा पडला तेव्हाच लागला. हात उचलल्याबद्दल आमोदला स्पर्धेतून काढतोय. पोलिसांत जायचं असेल तर तुझा हक्क आहे." मग, "हे बघ, जिल्हा संघटनेच्या पत्रिकेत डाव छापायचा असतो. मी नुसत्या चाली छापतो. सी-एकचं काही लिहीत नाही. लोक म्हणतील, काय हल्ला होता. उगाच तुझं हसं कशाला?"

सूरजने पाहिलं. सरांच्या चेहऱ्यावर खरी माया होती. त्याला क्षणभर तसंच करावंसं वाटलं. बिबट्या, कुऱ्हाड, दारातला वजीर. वाडीवर नाथूला दाखवता आला असता तो कागद.

"नको सर. भोकासकट छापा."

"अरे पण..."

"नुसत्या चाली छापल्या तर पुढच्या महिन्यात कोनतरी परत म्हणेल, असलं माणसाला सुचत नाय. मी काय परत परत भिंतीशी उभा राहू? लिहा तिथं. प्यादं सी-एकवर वजीर, पांढऱ्यावर दोन चालींत मात. सूरज ढेबेला वाटलं उंट होतो. असंच लिहा. आनि..." त्याने आमोदकडे मान केली. "...हे कबूल हाय म्हणून यांची सही पायजे. खाली. माझ्या नावाच्या शेजारी."

"आमोदची सही कशाला?"

"चोर ते म्हणाले. नाय म्हणायचं पन त्यांनीच."

सरांनी कोरा कागद घेतला आणि लिहून काढलं. स्वच्छ अक्षर, गणिताच्या उत्तरासारखं. काळ्याने डाव सोडला तेव्हा काळ्याच्या हातात दोन चालींत मात होती, हे वाक्यही शेवटी होतं, कारण त्याशिवाय पहिलं वाक्य पुरं होत नव्हतं. सूरजने सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर भुवईतला एक थेंब पडला, तो त्याने अंगठ्याने पुसला तर पसरला.

आमोद आला. त्याच्या कपाळावर भिंतीचा चुना आणि एक टेंगूळ. कागद त्याने पुरा वाचला. ते शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं असावं, कारण त्याचे डोळे परत मागे गेले.

"हे छापणार तुम्ही, सर? सगळीकडे जाणार हे?"

"जिल्हाभर."

"याला हाणलं त्याबद्दल मी माफी मागतो. हे वाक्य तेवढं काढा."

"माफी ठेवा तुमच्याकडं," सूरज म्हणाला. "सही करा."

आमोदने पेन घेतलं. पहिलं अक्षर नीट आलं. दुसऱ्याला पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं आणि खालच्या टेबलात रुतलं. त्याने ते उपसून काढलं आणि फाटलेल्या जागेच्या पुढून उरलेलं नाव पुरं केलं.